वासरू केवढे व्हायचे, हे कोण ठरवते?

चकलांबा हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातले गाव. कोरडवाहू शेती, दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघणारी कुटुंबे आणि दावणीला एखाद-दुसरी दुभती गाय, हे या भागाचे नेहमीचे चित्र. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या घरी आम्ही तिथे मुक्कामाला होतो. त्या रात्री घरची संकरित कालवड पहिल्यांदाच वीत होती. वासराचे पाय दिसले, पण ते पुढे सरकेना. पहाटे पशुवैद्य आले. चौघांनी दोर लावून वासरू ओढले, ते मेलेलेच निघाले. गाय वाचली, पण दोन दिवस तिला उठता आले नाही.

सकाळी ओट्यावर चहा पिताना तीन मते ऐकायला मिळाली. घरच्या आजी म्हणाल्या, "कांडी मोठ्या वळूची घातली, मग वासरू बी तसंच यायचं." शेजारचे मामा म्हणाले, "शेवटच्या दोन महिन्यांत पेंड लई चारली. वासरू आतल्या आत वाढलं." कॉलेजात जाणारा मुलगा म्हणाला, "कालवडच लहान होती, भरवायची घाई झाली." आणि मग आमच्याकडे वळून त्याने विचारले, "सर, खरं काय?"

वळू, खुराक की आई? एका गोठ्यात पंधरा मिनिटांत मांडली गेलेली ही तीन मते म्हणजे शास्त्रज्ञांनी गेली नव्वदेक वर्षे ज्यांवर प्रयोग केले ते तीन प्रश्नच आहेत. हे बोलणे चालू असताना कुणीतरी गाईची वार घमेल्यात भरून उकिरड्यापलीकडे पुरून आले. गाईने ती खाऊ नये म्हणून रात्रभर राखण करायची आणि पडली की पुरून टाकायची, एवढाच तिचा मान. त्या सकाळी तिच्याकडे कुणी पाहिले नाही, आम्हीही नाही. या लेखात आपण तिच्यापर्यंत पोचणार आहोत.

वळू आला नाही, कांडी आली

गावरान गाय आणि गावचा वळू, अशी जोडी होती तोवर हा प्रश्न फारसा पडत नसे. दोघांचे आकार जुळते असत. कृत्रिम रेतनाने हे चित्र बदलले. भारतात याची सुरुवात १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत संपत कुमारन यांनी केली. पण रेत फार काळ टिकत नसल्याने वळू जवळपास असावाच लागे. १९४९ साली लंडनमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स या तिघांना असे आढळले, की ग्लिसरॉल मिसळले तर शुक्रपेशी गोठवूनही जिवंत राहतात. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच गोठवलेल्या रेतापासून वासरे जन्मली. पुढे द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवलेली रेताची कांडी हजारो मैल प्रवास करू लागली.

महाराष्ट्रात ही कांडी गोठ्यापर्यंत पोचवण्यात उरुळीकांचनच्या संस्थेचा मोठा वाटा आहे. १९४६ साली गांधीजी उरुळीकांचनला आले, तेव्हा त्यांच्याबरोबर आलेले मणिभाई देसाई तिथेच राहिले. निसर्गोपचार आश्रमात त्यांनी गीर गाईंचा कळप जोपासला आणि १९६७ साली 'भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन' म्हणजे 'बाएफ' ही संस्था उभी केली. गाय केंद्रावर आणायची नाही, कार्यकर्त्याने शेतकऱ्याच्या दारात जायचे, ही त्यांची पद्धत. जर्सी आणि होलस्टीन या परदेशी जातींचा संकर अशा रीतीने राज्यात पसरला.

आता थोडा हिशेब करू. गावरान गाय धरा ३०० किलोंची, तिचे वासरू सुमारे २० किलोंचे. होलस्टीन गाय ६०० किलोंच्या पुढची, तिचे वासरू सुमारे ४० किलोंचे. दोन्हीकडे वासरू आईच्या वजनाच्या साधारण सात टक्के भरते. आता ३०० किलोंच्या गाईला होलस्टीनची कांडी दिली आणि वासराचे वजन दोघांच्या बरोबर मध्ये आले, तर ते ३० किलोंचे होईल. म्हणजे आईच्या वजनाच्या दहा टक्के! आजींची भीती या हिशेबाने अगदी रास्त ठरते. पण गावरान गाईंची वासरे प्रत्यक्षात सहसा अशी मधोमध येत नाहीत, ती आईच्या बाजूला झुकतात. असे का, याचे पहिले नेटके उत्तर गाईंनी नव्हे, घोड्यांनी दिले.

केंब्रिजमधली शिंगरे

शायर ही इंग्लंडमधली ओझी ओढणारी अवाढव्य घोड्यांची जात. शेटलँड हे स्कॉटलंडमधले कमरेएवढे तट्टू. केंब्रिजचे आर्थर वॉल्टन आणि जॉन हॅमंड यांनी या दोहोंचा संकर दोन्ही बाजूंनी केला. एका गटात आई शायर आणि बाप शेटलँड, दुसऱ्या गटात आई शेटलँड आणि बाप शायर. आकारातल्या फरकामुळे नैसर्गिक संयोग शक्यच नव्हता, म्हणून कृत्रिम रेतन वापरले. १९३८ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले.

या प्रयोगातली खुबी विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून देण्यासारखी आहे. दोन्ही गटांतल्या शिंगरांना निम्मा वारसा शायरचा आणि निम्मा शेटलँडचा मिळाला होता. वारशानेच माप ठरत असेल, तर दोन्हीकडची शिंगरे सारखी निघायला हवीत. प्रत्यक्षात शायर आईची शिंगरे शेटलँड आईच्या शिंगरांच्या जवळजवळ तिप्पट वजनाची निघाली. प्रत्येक शिंगरू आईच्या जातीच्या मापाचे होते. शेटलँड आईने शायर बापाचे शिंगरू आपल्या पोटात मावेल एवढेच वाढू दिले. पुढे वाढल्यावरही दोन्ही गटांतला फरक पूर्णपणे पुसला गेला नाही.

गाईंमध्ये असेच असते का? जुबेर आणि हॅमंड यांनी साऊथ डेव्हन ही मोठी जात आणि डेक्स्टर ही छोटी जात घेऊन असाच दुहेरी संकर केला आणि १९५८ साली त्याचा सविस्तर अहवाल दिला. आईचा प्रभाव इथेही दिसला. डेक्स्टर आईची संकरित वासरे साऊथ डेव्हन आईच्या वासरांपेक्षा लहान निघाली. मात्र फरक घोड्यांइतका टोकाचा नव्हता. गाय वासराला आवरते, पण बापाचे काहीएक चालू देते.

आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाचा प्रयोग अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात झाला. अमेरिकेत 'ब्रह्मन' नावाची वशिंडवाली जात आहे. ती आपल्याच गाई-बैलांपासून तयार झाली. ओंगोल, गीर, कांक्रेज आणि आपल्या कृष्णाकाठची 'कृष्णा व्हॅली' या जातींचे रक्त तिच्यात आहे. फेरेल यांनी ब्रह्मन आणि शारोले या थोराड फ्रेंच जातीचे भ्रूण एकमेकींच्या गर्भाशयात ठेवून पाहिले. ही आई केवळ सांभाळणारी, तिचा जनुकीय वारसा गर्भात मुळीच नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की शारोलेचा गर्भ ब्रह्मन गाईच्या पोटात, शारोले गाईच्या पोटात वाढतो तेवढा वाढत नाही. ब्रह्मनचा गर्भ मात्र कुठेही ठेवला तरी जवळजवळ तेवढाच राहतो. ब्रह्मन आईकडून मोठ्या गर्भाला होणारा पुरवठाच मर्यादित होता.

याच कारणाने उलट संकरात घोटाळा होतो. वशिंडवाला वळू आणि परदेशी जातीची गाय अशी जोडी असेल, तर वासरे जड येतात. म्हणजे 'वळू मोठा तर वासरू मोठे' हे सूत्र अपुरे आहे. वळू कोणता, याबरोबरच तो कोणत्या आईसाठी निवडला, हे पाहावे लागते.

बापाची बाजू

मग बापाकडे काहीच नाही का? आहे, आणि ते फार चमत्कारिक रीतीने आहे. १९९१ साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले, की गर्भाची वाढ जोमाने करणाऱ्या एका प्रथिनाचे जनुक फक्त बापाकडून आलेले असेल तरच गर्भात काम करते. आईकडून आलेली प्रत गप्प बसते. त्याच वर्षी हेही कळले, की या प्रथिनाला पकडून निकामी करणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाचे जनुक बरोबर उलटे वागते. त्याची आईकडची प्रत चालते, बापाकडची बंद असते. एक ओढतो, दुसरी आवरते.

ही रस्सीखेच बिघडली तर काय होते, तेही लवकरच दिसले. प्रयोगशाळेत काही दिवस वाढवून मग गर्भाशयात सोडलेल्या भ्रूणांपासून काही वासरे आणि कोकरे अवाजवी मोठी जन्माला येऊ लागली. एडिनबरोजवळच्या रॉस्लिन संस्थेतील संशोधकांनी २००१ साली मेंढ्यांमध्ये दाखवले, की अशा गर्भांत आईकडचे आवरणारे जनुक नीट काम करत नव्हते. लगाम सुटला होता.

मधली वाटाघाट कुठे होते?

आई आवरते हे खरे, पण कशाने? गर्भाशय पिशवीसारखे घट्ट असते आणि वासराला जागा पुरत नाही, असे सहज वाटते. पण गर्भाला वाढायला जागेहून अधिक लागते ते अन्न आणि प्राणवायू. हे दोन्ही येतात वारेतून.

गाईची वार माणसाच्या वारेसारखी एका चकतीची नसते. गर्भाशयाच्या आतल्या बाजूला बटणांसारखे उंचवटे असतात. गर्भाच्या आवरणावरचे गुच्छ त्या प्रत्येकात रुतून बसतात. अशी साधारण ८० ते १२० बटणे लागलेली असतात. आईचे रक्त आणि वासराचे रक्त कुठेही मिसळत नाही. या बटणांपाशी ते अगदी जवळून वाहते, आणि सगळी देवघेव तिथे होते.

मेंढीची रचना अशीच असते. ऑस्ट्रेलियात अलेक्झांडर यांनी १९६४ साली एक सोपा आणि निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला. मेंढी गाभण राहण्यापूर्वीच शस्त्रक्रिया करून तिच्या गर्भाशयातली बरीचशी बटणे काढून टाकली. पिशवी तेवढीच, चारा तोच, नरही तसेच. कोकरे मात्र हलकी जन्मली. उरलेली बटणे मोठी होऊन काही भरपाई करीत, पण बटणे फारच कमी उरली की कोकरू लहानच राही. वळू, खुराक आणि आई यांची भांडणे जिथे मिटतात, ती जागा म्हणजे वार.

चुलीचा धूर

वार हा नुसता पाट नाही, ती स्वतः एक मोठी ग्रंथी आहे. तिच्यात दोन केंद्रके असलेल्या खास पेशी असतात. त्या वासराच्या बाजूला तयार होतात, सरकत जाऊन आईच्या बाजूच्या पेशींना मिळतात आणि आपला माल तिकडे उतरवतात. या मालात संप्रेरके असतात. गाभण गाईच्या रक्तात सापडणारी काही संप्रेरके गाईची नसून तिच्या वासराच्या बाजूने पाठवलेली असतात, हे ऐकून आमचे विद्यार्थी नेहमीच चकित होतात.

ती मोजायची कशी, ही मोठी अडचण होती. १९३४ साली बुटेनांट यांनी प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारे संप्रेरक शुद्ध केले, तेव्हा सुमारे ५० हजार डुकरिणींच्या अंडाशयांतून त्यांना जेमतेम २० मिलिग्रॅम मिळाले. जिवंत गाईच्या चमचाभर रक्तात ते मोजणे तेव्हा स्वप्नच होते. १९५९-६० च्या सुमारास रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्शुलिनसाठी किरणोत्सारी अणू आणि प्रतिपिंडे वापरून नवे तंत्र काढले. त्यामुळे ग्रॅमचा अब्जावा भाग, म्हणजे नॅनोग्रॅम, मोजता येऊ लागला. यालोंना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन त्याआधीच वारले होते.

हे तंत्र लवकरच गोठ्यात आले. १९७१ साली लेंग आणि हीप यांनी दुधातले प्रोजेस्टेरॉन मोजून गाय गाभण आहे का, हे तीन-साडेतीन आठवड्यांत ओळखण्याची रीत मांडली. १९७९ साली हीप आणि हॅमन यांनी दुधातले इस्ट्रोन सल्फेट मोजले. हे वासराच्या बाजूने येते, म्हणून ते सापडले तर पोटातला गर्भ जिवंत आहे, एवढे नक्की सांगता येते.

मोजता येऊ लागले म्हणजे लगेच खरे कळले, असे मात्र नाही. वारेत लॅक्टोजेन नावाचे एक प्रथिन-संप्रेरक तयार होते. १९७६ साली अमेरिकेतल्या एका गटाने ते गाईच्या रक्तात मोजले, तेव्हा दुभत्या जातींत मिलिलिटरमागे शेकडो नॅनोग्रॅम असे आकडे आले. पुढे हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात मिळाले, मोजणी सुधारली आणि आकडा एक-दोन नॅनोग्रॅमवर उतरला. उलट वासराच्या रक्तात ते आईच्या रक्तापेक्षा जास्त असते, असे दिसले. काटा नवा असला की पहिली वजने तपासून घ्यावीत, हा धडा वर्गात सांगण्यासारखा आहे.

आता मुख्य मुद्दा. इस्ट्रोन सल्फेट आणि वासराचे वजन यांचे नाते अनेकांनी तपासले. १९९९ साली जपानी संशोधकांनी दुभत्या गाईंमध्ये ते वासराचे वजन, त्याची जगण्याची ताकद आणि वार यांच्याशी ताडून पाहिले. गाभणकाळाच्या उत्तरार्धात हे संप्रेरक जास्त असणाऱ्या गाईंची वासरे जड असण्याकडे कल दिसला.

मग हे संप्रेरक टोचले तर वासरू मोठे होईल का? इथेच घाई होते. रस्त्यावरून जाताना ज्या घरातून धूर जास्त निघतो, तिथे भाकरीही जास्त भाजल्या जात असणार, हा अंदाज बहुधा खरा ठरतो. पण भाकरी धुरावर भाजत नाहीत. इस्ट्रोनला सल्फेट जोडले गेले की ते बहुतांशी निष्क्रिय होते. आईच्या रक्तात फिरणारे इस्ट्रोन सल्फेट हा बराचसा धूरच आहे. वार मोठी आणि धडधाकट असली की धूर जास्त, आणि तिच्यावर वाढणारे वासरूही जड. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. कारण शोधायचे तर अलेक्झांडरसारखे एक गोष्ट काढून पाहावे लागते.

लॅक्टोजेनबाबत तेही झाले आहे. कोलोराडो येथील संशोधकांनी २०१६ साली मेंढीच्या वारेतले लॅक्टोजेनचे जनुक दाबून टाकले. वारही लहान झाली आणि गर्भही. म्हणजे हे संप्रेरक धूर नव्हे, जाळाचा भाग आहे. एकाच वारेतून येणाऱ्या दोन संप्रेरकांचे अर्थ असे वेगळे निघतात.

पुरे झाले, हे कोण सांगते?

वासराचे माप रोजच्या वाढीवर ठरते, तसे ते किती दिवस पोटात राहते यावरही ठरते. गाय साधारण २८० दिवसांनी विते. हा दिवस कोण ठरवते? उत्तर पुन्हा अनपेक्षित आहे. १९५७ साली केनेडी, केंड्रिक आणि स्टॉर्मंट यांनी ग्वेर्नसी जातीच्या अशा गाई अभ्यासल्या, की ज्या दिवस उलटून गेले तरी वीतच नसत. त्यांच्या गर्भांमध्ये मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा पुढचा भाग तयारच झालेला नव्हता. पुढे न्यूझीलंडचे लिगिन्स यांनी मेंढीच्या पोटातल्या कोकराची ही ग्रंथी नष्ट करून पाहिली. मेंढी व्यायली नाही. उलट, कोकराला ग्रंथीचे किंवा अधिवृक्क ग्रंथीचे संप्रेरक दिले, तर ती लवकर व्यायली. प्रसूतीची सुरुवात आई नव्हे, पिल्लू करते.

या प्रयोगांत लिगिन्स यांच्या लक्षात आले, की खूप लवकर जन्मलेली ही कोकरे श्वास घेत होती. एवढ्या कोवळ्या फुप्फुसांनी ते शक्य नव्हते. संप्रेरकाने फुप्फुसे आधीच पक्व केली होती. १९७२ साली लिगिन्स आणि हॉवी यांनी ऑकलंडमध्ये मुदतीआधी प्रसूत होणाऱ्या स्त्रियांना असेच औषध दिले आणि बालकांचे मृत्यू घटले. हे इंजेक्शन आज आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांतही दिले जाते. गोठ्यातल्या प्रश्नाचे उत्तर कधी कधी माणसाच्या पाळण्यापर्यंत पोचते ते असे.

पुन्हा चकलांब्याला

आता त्या ओट्यावरच्या तीन मतांकडे येऊ. आजींचे मत निम्मे बरोबर होते. गावरान गाय मोठ्या वळूला बऱ्यापैकी आवरते. पण ती कालवड संकरित होती. तिच्यात परदेशी वारसा आधीच होता आणि तिला पुन्हा होलस्टीनचीच कांडी दिली होती. आवरण्याची ताकद पिढीगणिक पातळ होत जाते. अशा लहान चणीच्या पहिलारू कालवडीला जर्सीची, किंवा हलकी वासरे देणाऱ्या वळूची कांडी निवडली असती, तर धोका कमी झाला असता.

मामांचे मत सर्वांत जास्त ऐकू येते आणि तेच सर्वांत जास्त नुकसान करते. वासराच्या वजनातला जवळजवळ दोन-तृतीयांश भाग शेवटच्या तीन महिन्यांत भरतो, हे खरे आहे. म्हणून शेवटी खुराक तोडला तर वासराचे वजन थोडे घटते. पण अडण्याचे प्रमाण त्याने घटत नाही, असे परदेशांतल्या अनेक प्रयोगांत दिसले. गाय अशक्त होते, कळा जोर धरत नाहीत, चीक कमी येतो आणि पुढचा माज लांबतो. उपाशी गाईला अडलेले वासरू ढकलायलाही बळ उरत नाही.

मुलाचे मत सर्वांत जवळचे होते. पहिलारू कालवडी अडतात त्या मुख्यतः वासरू आणि कटीची वाट यांचे माप न जुळल्याने. संकरित कालवड सुमारे २५० किलोंची झाल्यावरच भरवावी, हा साधा नियम पाळला गेला नव्हता. तिचा माज दिसला, घरात दुधाची निकड होती, कांडी देणारा माणूस दारात होता. यात कुणा एकाला दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही. छातीचा घेर फितीने मोजून वजनाचा अंदाज काढायला पाच मिनिटे लागतात, आणि तेवढे सांगणारे तिथे कुणी नव्हते.

एक चौथी गोष्ट मात्र त्या सकाळी कुणीच बोलले नाही. ती मोठ्या वासराबद्दल नाही, लहान वासराबद्दल आहे. अमेरिकेतल्या फ्लॉरिडात कोलियर आणि सहकाऱ्यांनी गाभण होलस्टीन गाईंचे उन्हाळ्यात दोन गट केले. एका गटाला सावली होती, दुसऱ्याला नव्हती. १९८२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की उन्हातल्या गाईंच्या रक्तात इस्ट्रोन सल्फेट कमी भरले, त्यांची वासरे सुमारे ३ किलोंनी हलकी जन्मली आणि व्यायल्यानंतर त्या गाईंनी दूधही कमी दिले. अंग थंड ठेवण्यासाठी रक्त कातडीकडे वळते आणि वारेच्या वाट्याला कमी येते, असा याचा अर्थ लावला जातो. धूर कमी झाला होता, कारण चूलच मंदावली होती.

बीडच्या एप्रिल-मे महिन्यांत ही गोष्ट फ्लॉरिडापेक्षा जास्त लागू आहे. २०१३ आणि २०१९ च्या दुष्काळांत या जिल्ह्यात चारा छावण्या उभ्या राहिल्या, तेव्हा चारा आणि पाण्याची चर्चा रोज होत होती. सावली हाही गाभण गाईचा खुराकच आहे. तापलेल्या पत्र्याखाली उभी गाय आणि लिंबाच्या झाडाखाली उभी गाय यांच्या वासरांत फरक पडू शकतो.

शिक्षकांसाठी एक सूचना. तुमच्या गावात वर्षभरात जन्मणाऱ्या वासरांची नोंद वर्गातली मुले सहज ठेवू शकतील. शेतमालाच्या काट्यावर वासराला कुशीत घेऊन उभे राहायचे आणि मग स्वतःचे वजन वजा करायचे. त्याच वहीत आईची जात, तिचे कितवे वेत, कांडी कोणत्या जातीची, कोणत्या महिन्यात व्यायली आणि गोठ्याला सावली होती की नाही, एवढे लिहायचे. जमल्यास पडलेली वार घमेल्यासकट तोलायची. त्यानंतर हात साबणाने धुवायला विसरू नये, कारण वारेतून माणसाला लागणारे काही रोग असतात. वर्षअखेर मुलांना विचारा, वासराचे वजन कशाशी जुळते? आणि जुळणारी गोष्ट जाळ आहे की धूर, हे कसे ठरवाल?

त्या मुलाच्या प्रश्नाला आम्ही तेव्हा ओट्यावर बसून अर्धेमुर्धे उत्तर दिले होते. आज विचारले, तर त्याला आधी उकिरड्यापलीकडे घेऊन जाऊ आणि सांगू, तुझ्या कालवडीच्या वासराचा हिशेब तिथे पुरला आहे.